साहेबांनी तोंड फिरवलं

पक्ष कार्यालयाच्या दिवाणखान्यात सकाळपासून झुंबड उडाली होती. दोरीपलीकडे, काळ्या पडद्याच्या कोनाड्यात, थोरल्या साहेबांचा पांढराशुभ्र प्लास्टरचा चेहरा होता. निधनानंतर त्यांच्याच चेहऱ्यावरून घेतलेला. साहेब गेले, पण चेहरा म्हणे जागा होता. येणाऱ्याजाणाऱ्याकडे मान वळवून बघायचा.

"दोरीला रेलू नका, साहेबांना त्रास होतो!" पक्षाचा प्रवक्ता ओरडत होता. त्याला माईक लागतच नसे, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. "साहेब गेले नाहीत, फक्त भाषण करायचे थांबलेत! निष्ठावंताकडे बघतात, गद्दाराकडे तोंड फिरवतात! चला पुढे, मागच्यांचीही निष्ठा तपासायचीय!"

"हयातीत तर निवडणूक सोडून कुणाकडे बघायचे नाहीत," रांगेत कुणीतरी पुटपुटलं आणि लगेच घाबरून हात जोडले.

याची सुरुवात एका व्हिडिओने झाली होती. त्यात कोनाड्याच्या एका बाजूला साहेबांचे चिरंजीव, म्हणजे युवराज, आणि दुसऱ्या बाजूला काठी टेकून उभे असलेले साहेबांचे जुने स्वीय सहायक. चेहरा आधी म्हाताऱ्याकडे बघत होता. बघता बघता तो वळला आणि युवराजांवर स्थिरावला. साहेबांच्या गादीवरून मुलगा आणि मुलीत चाललेला तंटा एका दमात मिटला. खुद्द साहेबांनीच निकाल दिल्यावर बोलणार कोण?

स्वीय सहायकाचं मात्र भलतंच झालं. साहेबांनी याच्याकडे तोंड फिरवलं, म्हणजे यानं काहीतरी केलं असणार, असं लोक म्हणू लागले. मग त्यानं विरोधकांना कागद विकल्याचं कळलं. कुणाला कळलं, कुठून कळलं, ते कुणी विचारलं नाही. शेवटी तर त्यानं साहेबांचं औषधच बदललं होतं म्हणे. म्हातारा हे सगळं ऐकत राहिला आणि महिन्याभरात गेला. त्याच्या दारात चार माणसं जमली. समोरच्या वकिलाने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

त्या स्वीय सहायकांना एक मुलगी होती. ती वर्तमानपत्रात अफवांची शहानिशा करायची, म्हणून कचेरीत तिला तपासनीस म्हणत. आई हल्ली भाजीला मागच्या गल्लीने जायची. ते बघून तिने संपादकांपुढे विषय काढला.

"बापाची बातमी लेकीने लिहायची नाही," संपादक म्हणाले.

"लिहीत नाही. बघून येते."

"बघून ये. खरंच गद्दारी निघाली तर?"

"तर तेही छापा."

म्हणून ती त्या रांगेत उभी होती. बाहेर पडणारा प्रत्येक जण उजळलेल्या तोंडाने सांगत होता, "माझ्याकडेच बघितलं!" एकाचीही निष्ठा कमी पडत नव्हती. एवढा निष्ठावंत पक्ष गेल्या निवडणुकीत आपटला कसा, हाच खरा चमत्कार होता.

तिची पाळी आली. ती डावीकडे सरकली, साहेबांनी तिच्याकडे बघितलं. उजवीकडे गेली, साहेब वळलेच. तिच्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोला? मग तिने चेहरा सोडून दिव्यांकडे बघितलं. दिवे कोनाड्याच्या तळाशी होते, उजेड खालून वर जात होता. आणि नाकाची सावली? तीही खालीच. खालून दिवा धरला तर सावली वर पडायला हवी. तिने पुन्हा बघितलं आणि तिच्या अंगावरचा काटा बसला.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली नाही. समोरचा वकील आणि साहेबांची वर्षानुवर्षं दाढी करणारा न्हावी, दोघांना तिने बोलावून आणलं. एकाला दोरीच्या या टोकाला उभं केलं, दुसऱ्याला त्या टोकाला.

"वकीलकाका, साहेब कुणाकडे बघतायत?"

"माझ्याकडे," वकील म्हणाले.

"काय राव वकीलसाहेब! सरळ सरळ माझ्याकडे बघतायत," न्हावी म्हणाला.

"तुला मोतीबिंदू झालाय."

"आणि तुम्हाला खोटं बोलायची सवय झालीय!"

रांगेत हशा पिकला. भोंगा धावत आला. "साहेब एकाच वेळी दोघांकडे बघू शकतात! सर्वव्यापी नेतृत्व होतं ते!"

"मग गद्दाराकडे तोंड कसं फिरवतील?" तिने विचारलं.

भोंगा पहिल्यांदाच माईक शोधू लागला. तेवढ्यात न्हावी दोरीखालून आत शिरला. "ह्या गालांवर जन्म घालवलाय मी. मला कोण अडवतंय?" त्याने सवयीने साहेबांचं नाक चिमटीत धरायला हात पुढे केला. चिमटीत हवा आली. हात आणखी आत गेला, आणखी आत गेला.

"अरे, नाक कुठाय? साहेबांचं नाक सापडेना!"

"साहेबांनी... आत घेतलंय," भोंगा म्हणाला. त्यावर लोक जे हसले, त्यानंतर त्या कोनाड्यापुढे कुणी हात जोडले नाहीत.

तो चेहरा नव्हताच, तो होता चेहऱ्याचा साचा. आतून पोकळ, वाटीसारखा. आपण जन्मभर बाहेर आलेली नाकं बघतो, त्यामुळे आत गेलेलं नाक बघायला मेंदू तयारच होत नाही. तो पोकळ चेहराही भरीव करून दाखवतो. त्यात आपण सरकलो की तो हिशेब जमवायला चेहराच वळवतो. ज्याला शंका असेल त्याने पोरांचा मुखवटा आतल्या बाजूने धरावा, खाली दिवा ठेवावा आणि एक डोळा मिटून इकडून तिकडे चालावं. मुखवटा त्याच्याकडे बघत राहील, मग त्याचा पक्ष कुठलाही असो.

आणि तो व्हिडिओ? कॅमेरा बाबांच्या बाजूने निघून युवराजांच्या बाजूला गेला होता. चेहरा युवराजांकडे वळला नव्हता, कॅमेऱ्यामागोमाग वळला होता. कॅमेरा उलटा नेला असता तर साहेबांनी पोटच्या पोराला गद्दार ठरवलं असतं.

संध्याकाळी तिने आईला हे सांगितलं तेव्हा आई पदराचं टोक दुमडू लागली.

"त्या दिवशी घरी येऊन म्हणाले होते, साहेब शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होते. किती खूश होते गं. मग तो व्हिडिओ आला. नंतर एकदा म्हणाले, मलाच चुकीचं दिसलं असेल."

बाबांना चुकीचं दिसलं नव्हतं. ते उभे होते तिथून तसंच दिसत होतं. लोकांच्या मोबाइलपुढे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला, आणि हे त्यांना सांगावं, तर आता ते राहिले नव्हते.

दारावर टकटक झाली. वकील होते. चपला हातात घ्याव्यात की पायात ठेवाव्यात हे त्यांना कळत नव्हतं.

"वहिनी, आमची चूक झाली. सगळेच म्हणत होते, म्हणून..."

"आत या, चहा घ्या," आई म्हणाली. "आणि पुढच्या वेळी कुणाबद्दल काही बघितलंत, तर ते दाखवणारा कुठे उभा होता ते आधी विचारा. मग ज्याच्याबद्दल असेल त्यालाही विचारा. हे कुठे लांब गेले नव्हते, भाऊजी. समोरच राहत होते."