कुलपावरचं कुलूप

मैत्री गजभियेने हिंजवडीतली नोकरी सोडली ती दिग्विजयच्या शब्दावर. कॉलेजपासूनचा मित्र. कात्रजला बायपासच्या अलीकडे त्याचं गॅरेज होतं. महागड्या गाड्या यायच्या, मालक वेग वाढवून मागायचे. पण आताच्या गाडीत वेग वाढवायचा म्हणजे पाना घेऊन भागत नाही. पेट्रोल किती, ठिणगी कधी, हवा किती दाबाने, हे सगळं इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. तो उघडता येणारं माणूस दिग्विजयला हवं होतं, आणि मैत्री कंपनीत तेच करत होती, परदेशातल्या गाड्यांसाठी, कोणाला न दिसणारं.

"तू बाहेर पड. बाकीचं मी बघतो," तो म्हणाला होता.

तिने जर्मनीची संधी नाकारली आणि बाहेर पडली.

पहिलं मोठं काम एका परदेशी टू-सीटरचं. कंपनीने त्या गाडीचा कॉम्प्युटर असा कुलूपबंद केला होता की देशात तो कोणी उघडत नव्हतं. हौशी मालक कॉम्प्युटरची पेटी काढून परदेशी पाठवायचे आणि वाट बघत बसायचे. मैत्रीने एक जुनी पेटी मिळवली, टेबलावर उघडली आणि तिच्यामागे लागली. पावसाळा गेला, थंडी गेली. दिग्विजय अधूनमधून मागे उभा राहून म्हणायचा, "देव पावला का?" मार्चमध्ये कुलूप उघडलं. त्या दिवशी त्याने शेजारच्या टायरवाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "हिने केलं."

मग तिने त्या गाडीसाठी स्वतःची फाईल लिहिली. म्हणजे त्या कॉम्प्युटरने इंजिनाला काय सांगायचं, ते सगळं नव्याने. चाचणीला तिच्या शेजारी बहुतेक वेळा तिचे वडील बसायचे. रतनराव खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पाठीच्या दुखण्याने बेजार, पण गाडीची हौस दांडगी. स्पीडब्रेकरवरून उतरून दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की गाडी उसळायची आणि ते दात आवळायचे. बोलायचे नाहीत. मैत्रीने तिथे इंजिनाला किंचित दम धरायला लावला. डोळ्याची पापणी लवावी एवढाच, आणि मग गाडी सलग निघायची. दिग्विजय चिडला होता.

"लोक स्पोर्ट्स कार घेतात गं, पालखी नाही."

"घाटात बघ. तिथे काही कमी नाही," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

वर्षभराने रतनरावांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. दिग्विजय रोज हॉस्पिटलमध्ये यायचा, घरून डबा आणायचा, त्यांना उशी लावून बसवायचा. एका दुपारी म्हणाला, "एक गिऱ्हाईक अडलंय, लॅपटॉप दे तुझा. संध्याकाळी आणून देतो." तिने दिला. पासवर्डही सांगितला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नाशिकच्या डॉ. नम्रता टिळेकर त्याच टू-सीटरचं नवं मॉडेल घेऊन आल्या. दातांच्या डॉक्टर. चाळिशी उलटल्यावर स्वतःला भेट म्हणून गाडी घेतलेली. दिग्विजय त्या दिवशी मुंबईला गेला होता.

"बंगळुरूला ट्यून करून घेतली," त्या म्हणाल्या. "मोठं नाव आहे म्हणे त्यांचं. पण चढावर आचके देते. ते म्हणतात, पेट्रोल खराब. मी चार ठिकाणचं भरून पाहिलं."

मैत्रीने लॅपटॉप जोडला. कॉम्प्युटर उघडेना. कंपनीचं कुलूप तिला पाठ होतं. हे त्याच्यावर घातलेलं दुसरंच होतं, कोणीतरी आपलं काम लपवायला घातलेलं.

"आधी चालवून बघू," ती म्हणाली.

कात्रजच्या चौकातून बाहेर पडताना पहिला स्पीडब्रेकर आला. गाडी त्यावरून उतरली, तिने दुसरा गिअर टाकला, पाय दिला. गाडीने किंचित दम धरला आणि मग सलग निघाली.

मैत्रीने गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" नम्रताबाईंनी विचारलं.

"काही नाही. परत एकदा बघते."

पुढच्या स्पीडब्रेकरलाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. तिने मुद्दाम पाय जास्त दिला, कमी दिला. गाडी तिच्याशी तिच्याच सवयीने बोलत होती. जगात कुठलाही ट्यून करणारा ही गोष्ट करणार नाही, कारण गिऱ्हाईक तक्रार करेल. ही फक्त एका माणसाच्या पाठीसाठी केलेली होती. घाटात आचके सुरू झाले तेव्हा त्याचंही कारण तिला कळलं. नव्या गाडीत पेट्रोलचा पंप वेगळा होता, आणि तिची फाईल जुन्या पंपासाठी होती. असंच दामटलं तर एक दिवस इंजिन वितळणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्विजय आला. ती त्याच्या टेबलासमोर उभी राहिली.

"माझी फाईल, कुलूप उघडायची युक्ती, सगळं बंगळुरूला कसं गेलं?"

त्याने आधी चावी खिळ्याला अडकवली. मग म्हणाला, "बस ना."

"लॅपटॉप हॉस्पिटलमधून नेलास तेव्हा?"

"हो."

तो अगदी सरळ म्हणाला.

"नाव कोणाचं लावलंस?"

"माझं. गॅरेज माझं आहे, मैत्री. ते लोक मला भागीदार करून घेताहेत. तुझ्याबद्दलही बोलणार होतो मी, योग्य वेळी."

"आणि कुलूप?"

"सगळेच घालतात. चोरी होऊ नये म्हणून."

"कोणाकडून? कंपनीचं कुलूप उघडून आत बघणारी या शहरात मी एकटी आहे."

बाहेर कोणीतरी इंजिन चालू केलं, बंद केलं.

"तू बघितलं असतंस तर असाच तमाशा केला असतास," तो म्हणाला. "आणि उद्या लग्न करून, नाहीतर नोकरी धरून निघून गेली असतीस तर? मी काय करायचं होतं? मी माझी सोय बघितली."

"मी नोकरी सोडून आले होते, दिग्विजय."

"कोणी जबरदस्ती केली नव्हती."

ती तिच्या टेबलाशी गेली. मग तिने नम्रताबाईंच्या गाडीची पेटी काढली, उघडली आणि संध्याकाळपर्यंत बसून आतलं सगळं पुसलं. दिग्विजयचं कुलूप, त्याच्या आतलं स्वतःचं काम, सगळं. कंपनीने दिलं होतं तसं परत भरलं. पुसताना ती एकदाच थांबली, पाणी प्यायला.

नम्रताबाईंना तिने खरं काय ते सांगितलं.

"हे मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं तुमचं. गाडी नीट झाली होती."

"तुमच्या गाडीसारख्या आणखी असतील," मैत्री म्हणाली.

त्या संध्याकाळी आपली अवजारं एका खोक्यात भरून ती बाहेर पडली. घरी एवढंच सांगितलं की पटलं नाही. हॉस्पिटलमधली दुपार तिने वडिलांपासून लपवली. ते दिग्विजयची आठवण काढायचे आणि ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

पुढे तिला खराडीत विजेच्या स्कूटरच्या कंपनीत काम मिळालं. दिवाळीनंतर एका रविवारी दिग्विजयचा फोन आला. आवाज अगदी पूर्वीचा.

"अगं, त्या नव्या गाडीने वैताग आणलाय. एकाचं इंजिन गेलं. वर कंपनीने कुलूपही बदललंय. तू एकदा बघ ना. तुझं दहा मिनिटांचं काम."

ती ऐकत राहिली. त्याच्या बोलण्यात ओशाळलेपणा कुठे आहे का, ते शोधत होती. नव्हता. ती येईल, असं त्याने खरंच धरलं होतं. गॅरेजमध्ये त्या सकाळी लागलं नव्हतं इतकं हे तिला लागलं.

"आपण त्या सगळ्या गाड्यांमध्ये कंपनीची मूळ फाईल परत भरावी," ती म्हणाली. "आणि तोवर मालकांना घाटात जाऊ नका म्हणून सांगावं."

"आपण? मला आपण म्हणतेस? ए, मी बोलतोय. दिग्या."

"कळलं मला कोण बोलतंय ते."

"आणि कुलपाचं?"

तिने फोन ठेवला. तो मालकांना सांगणार नाही, हे तिला माहीत होतं. सांगितलं तर चूक कबूल करावी लागली असती. थोड्या वेळाने तिने नम्रताबाईंना फोन लावला. या गाडीच्या मालकांचा एक गट होता, त्या त्यात होत्या.

"सगळ्यांना कळवते," नम्रताबाई म्हणाल्या. "पण ते विचारतील, हे कोण सांगतंय? तुमचं नाव घालू का?"

शेजारच्या खोलीत वडील रेडिओ लावून बसले होते. नाव दिलं तर गोष्ट फुटणार, आज ना उद्या त्यांच्यापर्यंत येणार.

"घाला," ती म्हणाली. "आणि फाईल मी लिहिलेली होती, तेही घाला."

मग ती उठली आणि वडिलांच्या खोलीत गेली.

"बाबा, रेडिओ जरा बंद करता? दिग्विजयबद्दल सांगायचंय."