हातानं बसवलेला गिअरबॉक्स

"सोड तो पाना, आयव्हर," त्याचा जुना दोस्त डेस्मंड म्हणाला.

"अरे बसतोय! बोटभर राहिलंय. अजून दोन आटे, की गेला आत."

मी चहाचे मग घेऊन गॅरेजच्या दारात उभी होते. इंजिन साखळीला टांगलेलं, गिअरबॉक्स त्याच्या पाठीशी टेकलेला आणि दोघांच्या मध्ये फट. ती फट मिटवायला माझा नवरा दातओठ खात बोल्ट आवळत होता. तुम्हाला यात काही वावगं वाटणार नाही, पण मी चहाचे मग तिथंच खाली ठेवले.

मला गाड्यांची आवड नाही, आधीच सांगते. पण ज्या बाईनं आयव्हरशी संसार केलाय तिला गिअरबॉक्सची माहिती नसणं शक्य नाही. आमच्या नॉर्थॅम्प्टनकडे या वेड्यांचा एक क्लब आहे. नवा सांगाडा आणायचा, कुठल्या भंगार गाडीचं इंजिन, कुठल्या तिसरीचा गिअरबॉक्स, आणि घरच्या घरी स्पोर्ट्स कार उभी करायची. बायकामुलं गेली खड्ड्यात. महिन्याच्या पहिल्या रविवारी पबच्या मागच्या आवारात सगळे जमतात, आणि कुठल्या इंजिनाला कुठला गिअरबॉक्स चालेल हे जन्मभर सगळ्यांनी आयव्हरलाच विचारलं. बस डेपोच्या स्टोअरमध्ये सुटे भाग देण्यात त्याची हयात गेली, तरी क्लबात त्याचं नाव 'पाद्रीबाबा'. का, तर इंजिन आणि गिअरबॉक्सची लग्नं हा लावतो.

त्याचं प्रवचन मला झोपेत म्हणता येईल. जेवणाच्या टेबलावर लोण्याची सुरी आणि मुरंब्याची बरणी घेऊन तो सांगायचा, "हेझल, बघ. हे दोन गिअरबॉक्स बाहेरून अगदी सारखे. पण मोठ्या इंजिनाच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट, हा पुढचा दांडा, अंगठाभर लांब असतो. तो लहान इंजिनाला लावलास तर टोक आधीच टेकतं आणि फट राहते. मग गाढव काय करतो? बोल्ट आवळतो! फट मिटते, पण इंजिनाच्या आतलं सगळं चेपून खलास. गिअरबॉक्स हातानं आत गेला पाहिजे. बोल्टानं ओढावा लागला, तर समजायचं आपलंच चुकलंय."

आयुष्यभर लोकांच्या गाड्यांची लग्नं लावून झाल्यावर, म्हातारपणी त्यानं स्वतःची गाडी करायला घेतली होती. आणि आता तोच बोल्ट आवळत होता.

मला धक्का बसला नाही. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते. नाताळाच्या आधी त्यानं मोजे पावाच्या डब्यात ठेवले. मग एकदा पेपर आणायला गेला, तो शेजारच्या फाटकाशी उभा राहून आपलं घर कुठलं ते आठवत बसला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा बाहेर येऊन माझा हात धरून म्हणाला, "डेस्मंडला सांगू नकोस. क्लबात कळलं तर मला कुणी काही विचारणार नाही. मग मी तिथं जाऊन करू काय?" तेव्हापासून मी एकच मागत होते: ही गाडी होईपर्यंत तरी माणूस शाबूत राहू दे.

आणि हा लांब शाफ्टचा गिअरबॉक्स भंगारातून त्यानं स्वतः निवडून आणला होता. मी त्याच्यासोबत होते. मोजायची टेप त्याच्या खिशातच राहिली, हे मी बघितलं होतं आणि गप्प बसले होते.

"आयव्हर," डेस्मंड हळूच म्हणाला, "हातानं गेला पाहिजे ना रे?"

आयव्हर थांबला. "कुणी सांगितलं तुला?"

"तूच की."

"मी?" त्यानं फटीकडे बघितलं, मग हातातल्या पान्याकडे. "बरोबर सांगितलंय," म्हणाला, आणि पुन्हा पाना लावला.

डेस्मंडनं माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली. तो पोस्टमन होता, दारात उभ्या माणसाचा चेहरा वाचायची सवय त्याला. "चल, आधी चहा घेऊ," असं म्हणत त्यानं अलगद पाना काढून घेतला. "गार झाला तर ही बाई आपल्याला बदडेल."

निघताना फाटकाशी डेस्मंड मला म्हणाला, "कधीपासून?"

"नाताळाच्या आधीपासून."

"आणि मला सांगायचं नाही? मी कोण, रस्त्यावरचा?"

"त्यानं शपथ घातली होती रे."

त्यानं रुमालात जोरात नाक शिंकरलं आणि तो गेला.

त्या आठवड्यात मी आयव्हरला बहिणीकडे जेवायला नेलं. परत आलो तर गॅरेजमध्ये आखूड शाफ्टचा गिअरबॉक्स ठेवलेला. आधीच्या गिअरबॉक्सवर तेलाचा डाग होता, तसाच डाग डेस्मंडनं यावरही त्याच जागी लावला होता. रविवारी दोघं पुन्हा कामाला भिडले. डेस्मंडनं नुसता खालून आधार दिला. आयव्हरनं छाती लावली, गिअरबॉक्स जरासा फिरवला, कान लावला, आणि तो सरकत आत गेला. खट्.

"बघितलंस?" गालाला ग्रीस लागलेलं, चेहरा पोरासारखा. "आवळायचा प्रश्नच नाही!"

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी पुसायच्या फडक्यात तोंड घालून रडले.

क्लबात सगळ्यांना कळलंच. असल्या गोष्टी लपतात होय? पण एकानंही विचारणं थांबवलं नाही. क्लेमंट नावाचा तो ढेरपोट्या तर आधी डेस्मंडकडून उत्तर घ्यायचा आणि मग आयव्हरपुढे जाऊन डोकं खाजवायचा, "पाद्रीबाबा, एक लग्न अडलंय." आयव्हर काहीबाही सांगायचा. सगळे माना डोलवायचे. देव त्यांचं भलं करो.

गाडी झाली. हिरवी. आता ती मी चालवते. शिव्या देत शिकले, कारण बसायला जागा कसली, ती नुसती घसरगुंडी. हवा बरी असली की आयव्हरला शेजारी बसवते, गुडघ्यांवर शाल टाकते, आणि कालव्याच्या रस्त्यानं आम्ही जाऊन येतो. बोलत नाही तो फारसं. आवाज ऐकतो.

परवा चढावर म्हणाला, "आता तिसरा गिअर टाका."

मी टाकला. मधात चमचा जावा तसा गेला. त्यानं माझ्याकडे वळून बघितलं, अनोळखी बाईकडे बघावं तसं, अगदी अदबीनं.

"गिअरबॉक्स सुंदर बसलाय हो. कुणी बसवला?"

"माझ्या नवऱ्यानं."

"हातानं बसवलाय. ओढूनताणून बसवलेला असा जात नाही." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "जाणकार माणूस दिसतोय. भेटला की सांगा त्याला, एकानं विचारलं होतं म्हणून."

"सांगते," मी म्हटलं, आणि चौथा टाकला.