पेटता डबा

“गौरे, आधी आतनं काळा रंग दे, मग बल्ब बसव. न्हायतर छतातनं उजेड झिरपतोय. आन् पेटला का बघून लगेच बंद कर. ह्यो देवापुढचा दिवा न्हाय.”

नवऱ्याचा, ईरप्पाचा आवाज गौरम्माच्या कानात अजून तसाच होता. माणूस मात्र दिवाळीआधीच गेला होता. सोलापूर स्टेशनात गाड्यांच्या डब्यांतले दिवे दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, आणि घरी येऊनही तेच खूळ. भाच्यानं मुंबईहून आणलेला, सुटे भाग जोडून करायचा प्लास्टिकचा रेल्वेडबा त्यानं उभा केला होता. आत बारके बल्ब बसवायचं तेवढं राहिलं. डबा होता महिपतीसाठी. तो आणि ईरप्पा रेल्वेत बरोबरच नोकरीला लागलेले. लकवा मारल्यापासून महिपती कुर्डुवाडीत खाटेवर पडून होता. “शिवरात्रीच्या आत तुझ्या उशाशी पेटता डबा आणून ठेवतो,” असा ईरप्पानं त्याला शब्द दिला होता.

शिवरात्र तोंडावर आली. गौरम्मा रोज लिंगपूजा करी, त्याआधी पाण्याचा घोटही घेत नसे. पण आताशा हातच आपले आपण पूजा करत. कपाळाला विभूती लागलेली तिला कळतही नसे. रडू आलं नव्हतं. लोक म्हणत, बाई लई धीराची. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं. शब्द मात्र दिलेला होता, म्हणून तिनं डबा पुढ्यात ओढला.

तारा धरायला ईरप्पा तिलाच बसवी, त्यामुळे काम तिच्या हातातलं होतं. सासूबाई नागव्वा उंबऱ्यातून बघत होत्या.

“बाहुल्या खेळायचं वय हाय व्हय गं तुजं?”

“ह्यांनी शब्द दिलाय, आत्या.”

“देणारा गेला की.”

“शब्द हितंच हाय न्हवं.”

काळा रंग वाळला, बल्ब बसले. दिवेलागणीला तिनं खालचा खटका दाबला. डब्याच्या खिडक्या उजळल्या. छतातून तिळभर उजेड झिरपला नाही. बंद करायला तिनं अंगठा टेकवला आणि तो तिथंच अडला. ह्या घरात पेटलेल्या दिव्याला कोणी हात लावत नसे. तेल सरलं की तो आपला आपण शांत होई. आणि हा तर ह्यांच्या नावाचा. तिनं हात जोडले आणि ती भाकरी थापायला चुलीपुढं जाऊन बसली.

वास आधी नागव्वांना आला. “काय जळतंय गं?”

बल्ब छताला टेकला होता. प्लास्टिक मऊ होऊन खाली खचलं होतं. गौरम्मा नुसती बघत राहिली.

“खुळे, बंद करायचा न्हाय?”

“पेटलेला दिवा कसा बंद करू, आत्या? तुमीच शिकवलंय.”

नागव्वांनी पुढं होऊन स्वतःच खटका ओढला. मग तिथंच फतकल मारली.

“माजा ल्योक जन्मभर काय करत हुता?” त्या म्हणाल्या. “गाडी यार्डात लागली की दिवे बंदच करत हुता की. लागलं का पाप त्याला?”

त्यांनी चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद काढून दिला. धग अडवायला गौरम्मानं तो बल्बाच्या वर छताला चिकटवला, बल्ब जरा खाली घेतला. खचलेला खळगा काही निघेना. तो राहू दिला.

पुन्हा खटका दाबला. खिडक्या उजळल्या. पुटपुटत “शिवशिव” म्हणून तिनं आपल्या अंगठ्यानं दिवा बंद केला. डबा काळा झाला, आणि किती दिवसांनी तिला आपला हात आपला वाटला.

सकाळी पूजा आटोपून तिनं डबा ईरप्पाच्या धोतरात गुंडाळला. नागव्वांनी न विचारता भाकरी बांधून दिली, वर म्हणाल्या, “महिपतीला सांग, खळगा माज्या सुनेनं पाडलाय.”

“व्हय,” गौरम्मा म्हणाली. तिनं दार हळूच ओढून घेतलं आणि बोचकं छातीशी धरून स्टेशनची वाट धरली.