वापरण्यास योग्य

बायको भांडी घासताना गुणगुणू लागली, तेव्हाच लिफ्ट इन्स्पेक्टरच्या मनात पाल चुकचुकली.

एकवीस वर्षांच्या नोकरीत तो एक गोष्ट शिकला होता. कुरकुरणाऱ्या लिफ्टची भीती नसते, तिचं दुखणं कळतं. जी अचानक गप्प होते, तिच्यापासून जपावं. आणि बायकोची कुरकुर मंगळवारपासून बंद होती. नळ गळत होता, तिनं चकार शब्द काढला नाही. नणंद न कळवता जेवायला आली, तिलाही हसून वाढलं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मंगळवारीच तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. रिपोर्ट वाईट आलाय आणि ही लपवतेय, हे त्याच्या मनानं घेतलं.

"बरी आहेस ना?" तो रोज विचारी.

"मजेत."

"मजेत म्हणजे?"

"अहो, मजेत म्हणजे मजेत. फॉर्म भरून देऊ का?"

उत्तर टाळलं, अशी त्यानं मनात नोंद केली आणि बहिणीला गाठलं.

"आनंदात आहे रे ती, दादा," बहीण म्हणाली. "पाळकसाहेब म्हणाले नव्हते, आनंद भाजीसारखा रोज बसून निवडावा लागतो? तेच करत असेल."

"उपदेश मीही ऐकतो."

"ऐकतोस कुठं? चर्चमधला पंखा नीट बसवलाय का, ते बघत असतोस."

"तो डावीकडे झुकलाय," तो म्हणाला.

शनिवारी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि त्यानं तिचं बायबल उघडलं. आत हॉस्पिटलचं पाकीट होतं. पाकिटाखाली त्याच्याच ऑफिसचा एक रद्द झालेला तपासणी फॉर्म होता. असे फॉर्म घरी आणून तो वाणसामानाच्या याद्यांना वापरायचा. यावर मात्र बायकोचं अक्षर होतं.

'नळ. दोष: गळतो. पाणी येतं. प्रभू, आभार.'

'नणंद. दोष: न सांगता येते. पण येते. आभार.'

'नवरा. दोष: आवाज फार, विश्वास कमी. एकवीस वर्षांत मधेच बंद पडला नाही. आभार.'

शेवटची ओळ: 'मी. तपासणी बाकी. तोवर वापरात.'

"सापडलं?" रिकामी बादली घेऊन ती दारात उभी होती.

"तू रिपोर्ट वाचलास आणि मला सांगितलं नाहीस!"

"पाकीट पालथं करा."

त्यानं केलं. डिंक जसाच्या तसा होता.

"परवा आणलं," ती म्हणाली. "एकटीनं उघडायचा धीर होईना. म्हटलं, तुम्ही विचाराल."

"रोज विचारत होतो!"

"बरी आहेस का, ते विचारत होतात. रिपोर्ट आला का, असं एकदाही नाही."

भीती त्यालाही होती. तिच्या भीतीनं निदान एक फॉर्म तरी भरला होता.

"मग गुणगुणतेस कशाला?"

"आधी नुसतं तोंडानं आभार म्हणत होते. मन कुठलं लागतंय! तिसऱ्या दिवशी नळाशी उभी होते, तर गाणंच आलं. मी नाही आणलं." तिनं बादली खाली ठेवली. "उघडा आता. थांबा, आधी प्रार्थना."

"अगं, आत काय निघतंय ते तरी कळू दे!"

"कळल्यावर कोणीही करेल."

तिनं डोळे मिटले. त्यानं एकच मिटला, दुसरा पाकिटावर ठेवला. मग तोही मिटला.

गाठ साधी होती. त्यानं कागद तीनदा वाचला, मागची बाजू पाहिली, तारीख पाहिली, तिचं वय बरोबर आहे का तेही पाहिलं. कुठेच खोट सापडेना.

तेव्हा त्यानं खिशातलं पेन काढलं. शेवटच्या ओळीतलं 'तपासणी बाकी' खोडून लिहिलं, 'वापरण्यास योग्य', आणि खाली सही केली. मग थोडं थांबून, सरकारी फॉर्मवर आयुष्यात कधी लिहिला नव्हता असा एक शब्द लिहिला. आभार.

"आता नळाचं बघा," ती म्हणाली.

कुरकुर परत आली होती. त्याला हायसं वाटलं.