मापांचं गाणं

यांना कंपवात होऊन सहा वर्षं झाली. चाळीस वर्षं कपडा बेतणारा हात थरथरायला लागला, ते मी सोसलं. पण आवाज बसला तेव्हा मात्र माझं डोकं फिरायचं. "काय? मोठ्यानं बोला की!" म्हणून दिवसभर खेकसायची मी.

मग डॉक्टरीणबाईंनी यांना गाण्याच्या वर्गाला घातलं. असेच दहा-बारा थरथरणारे लोक आणि शिकवायला एक बाई. म्हटलं, आता हेच राहिलं होतं! पण खोटं कशाला बोलू? दोन-तीन महिन्यांत आवाज उघडला. दारापाशी यांचे पाय जमिनीला खिळायचे, तेसुद्धा गाणं धरलं की सुटायला लागले. ठेक्यावर पाऊल उचलायचं, बस्स.

बाई म्हणाल्या होत्या, तोंडपाठ असेल ते गा. आता शिंप्याला तोंडपाठ काय असणार? गिऱ्हाइकांची मापं! "छाती छत्तीस, कंबर तीऽऽस" करत स्वारी घरभर फिरायची.

दुकान आमच्या पुढच्याच खोलीत, आता मीच चालवते. एकदा वकीलबाई कोट घालून बघत होत्या, आणि आतून खणखणीत आवाज आला, "वकीलबाई कंबर चाळीऽऽस, गेल्या साली छत्तीऽऽस!" बाई कोट टाकून तरातरा निघून गेल्या.

मी आत जाऊन यांना फाडून खाल्लं. "लाज आणलीत! दुकानात गिऱ्हाईक असलं की तोंडातून सूर काढायचा नाही."

"बरं," म्हणाले.

चार दिवसांनी बँकेतल्या दोघी आल्या. कापड, फॅशन, गप्पा, यातच पाऊण तास गेला. मापं घ्यायची टेप आणायला मी आत गेले, तर हे संडासाच्या उंबऱ्याशी चौकट धरून उभे. पायजमा ओला, पायाखाली थारोळं.

"अहो! केव्हापासून उभे आहात?"

"त्या दोघी आल्या तेव्हापासून." आवाज पुन्हा तो जुना, पुसट. "गिऱ्हाईक होतं ना. तुझं काम खोळंबलं का गं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. फडकं घेऊन खाली बसले, फरशी पुसली, यांचे पाय पुसले. पण मान वर करून यांच्याकडे बघायचा धीर होईना. बाईमाणसाच्या कमरेची लाज राखली मी, आणि घरच्या माणसाला हे दिवस दाखवले.

"गा ना," म्हटलं. यांनी दुकानाकडे बघून नाही म्हणून मान हलवली.

"अहो काकू, टेप सापडली का?" बाहेरून हाक आली.

मग मीच तोंड उघडलं. सूर कसला, फाटक खरखरत उघडावं तसा आवाज. पण दुकानात ऐकू जाईल असा लावला.

"काकूची छाती चव्वेचाळीऽऽस, काकूची कंबर चाळीऽऽस!"

यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले.

"कंबर सेहेचाळीऽऽस," यांनी दुरुस्ती केली, आणि पाऊल उंबऱ्यापलीकडे टाकलं.