माझ्याच नावाची नवी गाडी

मी एक जुनी लहान मोटार आहे. जुनी म्हटलेलं मला चालतं, कारण ते खरं आहे. ‘खटारा’ म्हणणाऱ्याने मात्र आधी माझ्यात बसून एक वळण घ्यावं आणि मग तोंड उघडावं. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना वस्तूंनी हळवं व्हायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण मी रागावलेली आहे आणि ते लपवायची मला काही गरज वाटत नाही.

२००५ साली हिंजवडीच्या हिंदुरावांनी मला घरी आणलं. त्या घरातली मी पहिली मोटार. शेताच्या तीन बाजूंना काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि चौथ्या बाजूला हिंदुराव अजून ज्वारी पेरत होते. ते मला बैलासारखं वागवत. चढ संपला की गाडी बाजूला घेऊन मला दम खाऊ देत आणि बॉनेटवर थाप मारत. त्यांच्या पत्नी सोजरबाई दर दसऱ्याला मला न्हाऊमाखू घालून झेंडूची माळ चढवत. घरातल्या कुणाला ताप आला तरी माझी पूजा कधी चुकली नाही.

हिंदुराव गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या, जयसिंगच्या हाती आले. जयसिंगला वेगाचं वेड. शहराबाहेर गाड्या पळवण्यासाठी बांधलेला एक खासगी ट्रॅक आहे, बारा वळणांचा. तिथे कुठे जायचं नसतं, निघालो तिथेच परत यायचं असतं, फक्त लवकर. जयसिंग मला खडकीच्या शमशुद्दीनचाचांकडे घेऊन गेला. चाचा दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, आणि घराच्या अंगणात गाड्या दुरुस्त करत. त्यांनी माझी मागची सीट काढली, कडक स्प्रिंगा बसवल्या, ब्रेक बदलले. ट्रॅकसाठी मऊ रबराचे चार टायर वेगळे आणले. रस्त्यावर ते झिजू नयेत म्हणून चाकांसकट मागे ठेवायचे आणि ट्रॅकवर पोहोचल्यावर बदलायचे. फेरी सुरू होण्याआधी चाचा चारही टायरांवरून तळहात फिरवत. त्याशिवाय त्यांनी मला कधी सोडलं नाही.

आठ वर्षं आम्ही तिघांनी तो ट्रॅक गाजवला. मोठ्या गाड्या सरळ रस्त्यावर मला मागे टाकत आणि वळण आलं की मी त्यांच्या पाठीला लागलेली असे. लोक कौतुकाने विचारत, ‘हिच्यात असं घातलंय तरी काय?’ चाचा म्हणत, ‘घातलं काही नाही, काढलंय.’

गेल्या वर्षी जयसिंगने नवी गाडी आणली. नाव माझंच, कंपनी तीच, पिढी पुढची. माझ्यापेक्षा दीडशे किलोने जड. समोर भलामोठा पडदा, आणि जरा चाक घसरलं की ती आपणहून सावरते. खोटं कशाला बोलू, तिचे ब्रेक माझ्यापेक्षा चांगले आहेत, आणि एखाद्या नवख्याचा जीव ती माझ्याआधी वाचवेल. माझा तिच्यावर राग नाही. तिने माझं काही वाईट केलेलं नाही.

माझं पासिंग संपत आलं होतं. जयसिंगने मित्रांना सांगितलं, ‘दोघींची एकेक फेरी लावू. जुनी जवळपास आली, तर तिचं पासिंग नव्याने करून ट्रॅकसाठी ठेवीन. नाहीतर भंगारात.’ त्याचा व्हिडिओही काढायचं ठरलं. दिवस धरला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

दसऱ्याला सोजरबाईंनी नेहमीप्रमाणे पूजा मांडली. जयसिंगने नव्या गाडीला हात लावू दिला नाही. ‘आई, तिचा रंग खराब होईल, लांबूनच ओवाळ.’ मग त्यांची सगळी माया माझ्या वाट्याला आली. माझी ट्रॅकची चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. टायर पांढुरके, सुकलेले दिसले. सोजरबाईंनी केसांना लावायची खोबरेलाची बाटली आणली आणि चारही टायर सगळीकडून चोळून चोळून काळेभोर केले. जमिनीला टेकतो तो भागसुद्धा सोडला नाही. पोराच्या टाळूवर तेल जिरवावं तसं जिरवलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी चाचांना यायला उशीर झाला. मित्रांना भूक लागली होती, म्हणून जयसिंग थांबला नाही. हातमोजे घालून त्याने स्वतःच माझी चाकं बदलली. नवी गाडी आधी गेली आणि दोन मिनिटं नऊ सेकंदांत परत आली. मग मी निघाले. पहिल्याच वळणावर माझे पाय गेले. तिसऱ्या वळणावर गोल फिरून मी वाळूत शिरले आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबले. कशीबशी परत आले तेव्हा घड्याळात दोन मिनिटं चौतीस झाले होते. जयसिंग खाली उतरला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, ‘म्हातारी संपली.’ मित्र हसले आणि कॅमेरा घेऊन मिसळ खायला गेले.

चाचा आले तेव्हा माझ्या टायरांना वाळू थापल्यासारखी चिकटलेली होती. त्यांनी बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

‘जयसिंग, हे खोबरेल आहे.’

‘काय?’

‘वास घे. आपण रोज डोक्याला लावतो ते.’

जयसिंगचा चेहरा उतरला. चाचांनी साबणाच्या पाण्याने चारही टायर घासले, कोरडे केले, तळहात फिरवला आणि म्हणाले, ‘बस आत.’ त्या फेरीत मी जीव तोडून धावले. चाचांच्या घड्याळात दोन मिनिटं अकरा आले. नवीपेक्षा फक्त दोन सेकंद जास्त. मी हरलेच, पण वीस वर्षांची असून हरले ती दोन सेकंदांनी. ते बघायला तिथे कॅमेरा नव्हता.

आठवड्याने चाचा हिंजवडीला घरी आले. व्हिडिओ तसाच होता, चौतीसचा, आणि हजारो लोक तो बघून माझ्यावर हसत होते.

‘खरी वेळ कधी सांगणार?’ चाचांनी विचारलं.

‘कसं सांगू, चाचा? कारण सांगावं लागेल. लोक आईला हसतील.’

सोजरबाई दारातच उभ्या होत्या. ‘हसू दे की,’ त्या म्हणाल्या. ‘त्याल म्या लावलं. मला काय ठावं त्याचं? चूक माझी हाय, मीच सांगते. धर तो मोबाइल.’

जयसिंगने मोबाइल खिशात घातला. ‘आता विषय नको, आई. भंगारवाल्याला सोमवारी बोलावलंय.’

‘बाबा, तुझा शब्द होता,’ चाचा म्हणाले. ‘दोन सेकंद म्हणजे जवळपास नाही तर काय?’ जयसिंग खाली बघत आत गेला. मित्रांनो, माझा राग इथे आहे. तेल लावणाऱ्या बाईवर माझा तिळभरही राग नाही. टायरांवरून हात न फिरवता मला पळवल्याची स्वतःची लाज आईच्या पदराआड लपवणाऱ्यावर आहे. तिला हसतील ही त्याला भीती नव्हतीच. ती कबूल करायला उभी होती आणि हाच खाली बघत होता.

आता मी भंगाराच्या आवारात आहे. चाकं काढली आहेत, उद्या-परवा पत्रा कापतील. मला वाचवा असं मी म्हणत नाही, ती वेळ गेली. घरातली जुनी वस्तू नव्याशी तोलायची असेल तर जरूर तोला, पण आधी तिची नीट निगा राखा, हात फिरवून बघा, आणि चूक झाली तर ती मान्य करा. माझं एवढंच एक काम करा. तो व्हिडिओ कुठे दिसला, तर त्याच्याखाली कुणीतरी लिहा की जुन्या गाडीची खरी वेळ दोन मिनिटं अकरा सेकंद होती.