बारा शब्द

लॉर्नाने नवऱ्याच्या चाचणीचा तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला होता. खाली डॉक्टरांची सही आणि मधोमध शेजारीशेजारी दोन आकडे: डावीकडे अठरा वर्षांपूर्वीचा पाच, उजवीकडे या जुलैतला पाच. पडद्यावर बारा शब्द दाखवायचे आणि थोड्या वेळाने त्यातले किती ओळखले ते मोजायचं, अशी ती चाचणी. "तेव्हाही कच्चेच होतात, आताही तितकेच. घट काही नाही," डॉक्टर म्हणाले, आणि लॉर्ना गाडीत बसून आनंदाने रडली. घरी येऊन तिने कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, भाजले, शेजाऱ्यांनाही नेऊन दिले.

वेन्डेल कुचेराने एक खाल्ला. फ्रिजकडे पाठ करून.

नऊ वर्षं तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे संघाला चाल सांगणारा खेळाडू, होता. दहा धिप्पाड गडी त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचे, आणि दीडशे चालींतली नेमकी एक तो एका दमात सांगायचा. आता तो नेब्रास्कातल्या एका लहान कॉलेजचा कोच होता. एप्रिलमध्ये सरावाच्या वेळी स्वतःच बसवलेल्या चालीचं नाव त्याला सापडेना.

"ती रे... डावीकडची."

"कोच, डावीकडच्या चाळीस आहेत!" पोरं हसली. तोही हसला. हे तीनदा झालं, तेव्हा लॉर्ना त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी संघाची तीच चाचणी होती. हंगामाआधी सगळ्यांनी ती द्यायची; पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की पुन्हा द्यायची. आकडा घसरला तर खेळ बंद. वेन्डेल मागे उभा राहून बघत होता. समोर किनन प्रुइट, त्याचा क्वार्टरबॅक. दीडशे चाली झोपेतही सांगेल असा. किननचं बोट बरोबर शब्दावर गेलं, थांबलं, आणि शेजारच्या चुकीच्या शब्दावर सरकलं. मग पुन्हा तसंच.

 वेन्डेलने किननला बाहेर बोलावलं.

"किती आठवले?"

"पाच-सहा असतील, कोच."

"खरे किती?"

किनन बुटांकडे बघत हसला. "सगळे. अहो, सगळेच करतात हे! ऑगस्टमध्ये गाढव बनायचं, म्हणजे ऑक्टोबरमध्ये कुणी बाकावर बसवत नाही. तुम्ही काय कधी केलं नाही?"

"केलं ना. अकरा आठवत होते, पाच बरोबर दिले. मग एकदा असा मार बसला की अर्धा सामनाच आठवेना. चाचणीत सहा आले. फिजिओ म्हणाला, वा, सुधारलात की!"

किनन खो-खो हसला. कोच हसत नाहीत हे दिसलं, तसा थांबला.

"या जुलैत पुन्हा दिली," वेन्डेल म्हणाला. "जीव तोडून दिली. पाच आले."

हिशोब जुळवायला किननला वेळ लागला नाही. "डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही."

"मिसेस कुचेरांना?"

वेन्डेलने दार उघडून धरलं. मग म्हणाला, "आत जा आणि नीट दे."

"आणि डोकं आपटलं, तर बसवाल मला?"

"बसवीन."

"शेवटचं वर्ष आहे माझं, कोच."

"माहीत आहे."

किनन जागचा हलला नाही. "आधी तुम्ही सांगा घरी," तो हळूच म्हणाला. "मग मी देतो."

दुपारीच वेन्डेलची गाडी दारात बघून लॉर्नाला नवल वाटलं. "काय रे, काही विसरलास वाटतं?" तो कागद आल्यापासून ती अशी थट्टा बिनधास्त करायची.

त्याने फ्रिजवरून कागद काढला.

"अरे, राहू दे ना तो. बघितला की बरं वाटतं मला."

"लॉर्ना, जरा बस."

ती उभीच राहिली.

"यातला डावीकडचा आकडा खोटा आहे," तो म्हणाला. "मी मुद्दाम चुकलो होतो."

लॉर्नाने हात पुसले. खूप वेळ पुसत राहिली.

"खरे किती होते?"

"अकरा."

तेव्हा ती बसली.